फिल्ममधला दोष आधी ओळख

चि. मृण्मयी हिस,


तुझी वायबीसीओची (यिट्रियम बेरियम कॉपर ऑक्साइडची) फिल्म ९० केल्व्हिनला अतिवाहक होते, पण ७७ केल्व्हिनला जेमतेम धारा पेलते. म्हणून तू तापमान, ऑक्सिजन, लेझर सगळंच एकदम बदलायला निघाली आहेस. तसं करू नकोस. फिल्म सुधारली तरी कशामुळे ते कळायचं नाही.

आधी फिल्म वाढतानाचं तापमान बघ. साधारण ७५० ते ८०० अंश सेल्सिअसला स्फटिकाचा सी-अक्ष सबस्ट्रेटवर, म्हणजे फिल्म जिच्यावर वाढते त्या चकतीवर, काटकोनात उभा राहतो. पन्नास-शंभर अंश खाली गेलीस की अणूंना सरकून जागा धरायला उसंत मिळत नाही आणि आडवे, ए-अक्षाचे कण उगवतात. त्यांच्यात तांबे-ऑक्सिजनचे थर उभे असतात आणि धारेची वाट अडते. थर्मोकपलवर मात्र विसंबू नकोस. ते हीटरचं तापमान सांगतं. सिल्व्हर पेस्ट नीट बसली नसेल तर सबस्ट्रेट बराच थंड असतो. म्हणून आडवे कण क्ष-किरणांच्या आलेखात शोध; पण तिथेही जपून, स्ट्रॉन्शियम टायटनेटच्या सबस्ट्रेटवर ए-अक्षाचं शिखर सबस्ट्रेटच्या शिखराला खेटून, ४७ अंशांच्या आसपास येतं आणि सहज नजरेतून सुटतं.

मॅग्नेशियम ऑक्साइडचा सबस्ट्रेट स्वस्त आहे, पण फिल्मच्या आणि त्याच्या जाळीतली तफावत सुमारे ९ टक्के; ४५ अंशांत फिरलेले कण तिथे हमखास भेटतात. दोन कणांमधल्या सीमेचा, म्हणजे कणसीमेचा, कोन वाढला की धारा किती झपाट्याने कोसळते, हे आयबीएममध्ये डिमोस, प्रवीण चौधरी आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली दाखवलं. त्यांचे निबंध मुळातून वाच.

थंड करताना घाई नको. वाढताना फिल्ममध्ये ऑक्सिजन कमी असतो; तो ४००-५०० अंशांवर, भरपूर ऑक्सिजनमध्ये आत शिरतो. त्या वेळी पडणाऱ्या जुळ्या पट्ट्यांना घाबरू नकोस, त्या पडायच्याच.

आणि निर्दोष फिल्मचा ध्यास सोड. चांगली फिल्म ७७ केल्व्हिनला दर चौरस सेंटिमीटरला दहा लाख अँपिअरहून जास्त धारा नेते, शुद्ध स्फटिकाच्या कितीतरी पट, ती दोषांच्या जोरावरच. स्फटिकातली विस्थापनं, म्हणजे अणूंच्या रांगांमधले दोष, चुंबकीय भोवऱ्यांना जागच्या जागी जखडून ठेवतात. २००४ साली मॅकमॅनस-ड्रिस्कॉल आणि सहकाऱ्यांनी बेरियम झिर्कोनेट मुद्दाम मिसळून असे खुंटे वाढवले. कणसीमा काढायची, विस्थापनं राखायची, एवढाच विवेक हवा.

आता फक्त तापमान बदलून तीन-चार फिल्म कर आणि क्ष-किरणांचे मूळ आलेख मला पाठव. गुळगुळीत केलेले नकोत.

तुझा,
मामा