जुन्या मोटारीत पाणी शिरते कोठून?



प्रीमियर पद्मिनीचे उत्पादन थांबून वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. अँबेसेडर २०१४ साली बंद झाली. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून गेली. तरी या गाड्या आजही अनेकांच्या दारात आहेत, आणि पावसाळा आला की आत पाणी येते ही सर्वांचीच तक्रार असते.

माझ्या पद्मिनीत एका पावसाळ्यात लग्नाच्या मालाचे चार ताके भिजले. गिऱ्हाइकाला माल बदलून द्यावा लागला. चूक माझीच होती. गॅरेजवाल्याने काचेभोवती सिलिकॉन फासून दिले आणि पाणी कोठून येते याचा शोध न घेताच मी पैसे देऊन मोकळा झालो. पाणी येत होते दारातून!

पहिला धडा : पाणी दिसते तेथूनच ते शिरते असे नाही. ताक्याचे एक टोक ओल्या फरशीला टेकले तर ओल वर चढते, हे कापडवाल्याला सांगायला नको. गाडीतही पाणी पत्र्याच्या कडेने आणि वायरच्या अंगाने वाहत जाते, मग पायाखालच्या नमद्यात पसरते. नमदा आठवडाभर ओला राहतो आणि त्याखालचा पत्रा गंजतो.

शोध कसा घ्यावा?

१. मॅट व नमदा काढून उन्हात वाळवा. पत्रा कोरडा करून त्यावर जुने वर्तमानपत्र पसरा.

२. अंधारात एकाने आत बसावे, दुसऱ्याने गाडीखाली टॉर्च फिरवावा. उजेड दिसला तर तेथे छिद्र आहे. चाकाने उडविलेले पाणी तेथूनच येते.

३. आता एकाने टॉर्च घेऊन आत बसावे, दुसऱ्याने बाहेरून नळीने साधे पाणी सोडावे. सुरुवात खालून करा : आधी दाराचा खालचा भाग, मग खिडकी, मग समोरची काच, शेवटी छत. प्रत्येक जागी पाच मिनिटे थांबा. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळते आणि काहीच कळत नाही.

४. कागदाची पट्टी मध्ये धरून दार लावा. पट्टी सहज निसटली तर तेथे रबर दबत नाही.

५. डिकीचे रबर, मागच्या दिव्यांची पॅकिंग आणि इंजिनकडून आत येणाऱ्या वायरींची रबरे विसरू नका.

पेडलजवळची ओल बोटाला तेलकट लागली तर ते ब्रेक ऑईल असू शकते. मग पाण्याचा शोध राहू द्या, आधी मेकॅनिक गाठा.

दुरुस्ती

दाराच्या काचेच्या फटीतून थोडे पाणी आत उतरणारच. ते दाराच्या तळाच्या छिद्रांतून बाहेर पडले पाहिजे. ही छिद्रे मातीने बुजतात. पातळ तारेने ती मोकळी करा. दाराच्या पॅनेलमागचा प्लॅस्टिकचा कागद फाटला असेल तर नवा लावा. माझे काम एवढ्यावरच भागले.

समोरच्या काचेचे रबर कडक होऊन चिरले असेल तर नवेच घाला. रबर काचेवर चढवून त्याच्या खाचेत दोरी भरतात, काच बाहेरून टेकवतात आणि आतून दोरी ओढत रबराची कड पत्र्यावर बसवतात. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन पत्र्याजवळ वापरू नका, त्यातील आम्लाने गंज वाढतो. न कडकणारे सीलंट मागा.

कुजलेला पत्रा डांबराने झाकू नये, आतला गंज चालूच राहतो. तो कापून नवा तुकडा वेल्डिंग करा, रेड ऑक्साइड लावा, मग रंग द्या. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची वायर काढा, सीट व नमदा बाहेर ठेवा आणि आग विझविण्याचे साधन जवळ असू द्या.

शेवटी एक गोष्ट. गाडी विकायची असेल तर गळती आणि गंज घेणाऱ्याला स्पष्ट सांगा. नवा गालिचा घालून ऐब झाकणे आपल्या दीनमध्ये जायज नाही. डाग असलेला ताका आपण घडी उलटी करून विकत नाही, मग गाडी कशी विकावी? दोन पैसे कमी मिळतील, पण त्यात बरकत असेल, इन्शाअल्लाह.