मोटारीच्या रंगावरील ओरखडे आणि झिलई

काळ्या किंवा गडद निळ्या रंगाची, दोन-तीन वर्षे वापरलेली मोटार रात्री रस्त्यावरील दिव्याखाली उभी असली, की तिच्या टपावर एक चमत्कारिक दृश्य दिसते. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती केसाहून बारीक अशा चकाकत्या रेषांची वर्तुळे कोळ्याच्या जाळ्याप्रमाणे पसरलेली असतात. पुसणाऱ्याने फडके गोल गोल फिरवले म्हणून ही वर्तुळे उमटली, असा समज सर्वत्र आढळतो. परंतु पाहणाराने दोन पावले बाजूला सरकून पाहावे. प्रतिबिंबाबरोबर वर्तुळेही सरकतात. ओरखडे खरोखरीच वर्तुळाकार असते, तर ते जागचे हलले नसते.

वस्तुतः त्या पृष्ठावर असंख्य आखूड ओरखडे सर्व दिशांना पडलेले असतात. प्रत्येक ओरखडा म्हणजे एक अतिशय अरुंद चर होय. चराच्या बाजूंवर पडलेला प्रकाश चराच्या लांबीला आडव्या अशा दिशांतच पंख्यासारखा फाकतो. त्यामुळे प्रतिबिंबापासून निघणाऱ्या रेषेला जे ओरखडे आडवे असतात तेवढ्यांचाच प्रकाश डोळ्यापर्यंत पोहोचतो. बाकीचे असूनही दिसत नाहीत. ह्या आडव्या तुकड्यांची मांडणी प्रतिबिंबाभोवती वर्तुळासारखी भासते. वर्षानुवर्षे घासलेल्या स्टीलच्या ताटात दिव्याभोवती दिसणारे तेजाचे कडे ह्याच जातीचे असते.

हे चर कशात पडतात ते पाहिले पाहिजे. आजच्या मोटारीचा रंग एकेरी नसतो. पत्र्यावर गंजरोधक थर, त्यावर अस्तर, त्यावर रंगीत थर आणि सर्वांत वर क्लिअर कोट नावाचा पारदर्शक लेप, अशी ही रचना असते. सर्व थर मिळून जाडी सुमारे १०० ते १३० मायक्रॉन भरते; त्यांपैकी क्लिअर कोटच्या वाट्याला ४० ते ५० मायक्रॉन येतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे मोटारीची सारी झळाळी केसाहूनही पातळ अशा एका पापुद्र्यावर अवलंबून असते. पूर्वी अशी स्थिती नव्हती. १९२३-२४ च्या सुमारास अमेरिकेत ‘ड्युको’ हे नायट्रोसेल्युलोजचे झटपट वाळणारे लॅकर मोटारींवर फवारले जाऊ लागले. (आपल्याकडे फवाऱ्याने दिलेल्या कोणत्याही चकचकीत रंगाला ड्युको म्हणण्याची चाल त्यावरूनच पडली.) ते लॅकर वाळल्यावर घासूनच त्याला चकाकी आणावी लागे, आणि घासणाराच्या फडक्याला रंग लागे. १९८० नंतर हळूहळू रूढ झालेल्या क्लिअर कोटवर घासताना फडक्याला रंग लागत नाही. त्यामुळे काहीच झिजत नसल्याचा समज होतो.

झिलईने ओरखडा जातो म्हणजे नेमके काय होते? हा प्रश्न जुना आहे. न्यूटनने १७०४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रकाशविषयक ग्रंथात काचेच्या झिलईचा विचार केला आहे. त्याच्या मते बारीक कण पृष्ठावरील उंचवटे झिजवतात व मागे राहिलेले ओरखडे डोळ्यांस दिसू नयेत इतके सूक्ष्म होतात. विसाव्या शतकाच्या आरंभी बेल्बी ह्या ब्रिटिश रसायनज्ञाने निराळे मत मांडले. घर्षणाने पृष्ठाचा पातळ थर वाहू लागतो आणि भिंतीवरील गिलाव्याप्रमाणे खाचा बुजवतो, असे त्याचे म्हणणे होते. पुढे १९३७ मध्ये बाउडन व ह्यूझ ह्यांनी धातूंवरील प्रयोगांत घासणाऱ्या पदार्थाच्या कठीणपणापेक्षा त्याच्या वितळबिंदूला महत्त्व असल्याचे दाखवले, तेव्हा ह्या मताला मोठे बळ मिळाले. क्लिअर कोटच्या बाबतीत मात्र न्यूटनच अधिक जवळचा ठरतो. ह्या लेपातील रेणू एकमेकांशी जाळ्यासारखे बांधलेले असल्याने तो तापून मऊ पडला, तरी मेणासारखा वितळून वाहत नाही. (उन्हाच्या उबेने बारीक ओरखडे आपोआप मिटावेत असे लवचीक लेप अलीकडे निघाले आहेत, त्यांची गोष्ट वेगळी.) म्हणून ओरखडा भरून येत नाही. त्याच्या तळापर्यंत आजूबाजूची पातळी खाली आणली जाते.

ही पातळी खाली आणण्याचे काम अपघर्षक कण करतात. बाजारातील रबिंग कंपाउंडात बहुधा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे कण असतात. निसर्गात हेच द्रव्य कुरुविंद म्हणून सापडते आणि कठीणपणात त्याचा क्रमांक हिऱ्याच्या खालोखाल लागतो. ओरखडे मोठे असतील तर प्रथम जाड कणांचे व नंतर बारीक कणांचे कंपाउंड वापरतात. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीचे ओरखडे काढते आणि स्वतःचे, अधिक सूक्ष्म असे ओरखडे मागे ठेवते. ते पुरेसे सूक्ष्म झाले की प्रकाश विखुरण्याऐवजी एकाच दिशेने परावर्तित होतो आणि पृष्ठ आरशासारखे भासते.

गॅरेजमधील नेहमीचे यंत्र एकाच आसाभोवती फिरते. १५ सेंटिमीटर व्यासाची लोकरीची गादी मिनिटाला १५०० फेरे घेत असली, तर तिच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे १२ मीटर होतो. एवढ्या वेगाने गादी एका जागी टेकून ठेवली, की लेप तापून पार भाजतो. दुसऱ्या प्रकारच्या यंत्रात गादी स्वतःभोवती फिरता फिरता लहान वर्तुळातही हिंडते. काम सावकाश होते, पण उष्णता कमी निर्माण होते. नवशिक्याने हेच हाती धरावे.

आता हिशेब पाहू. दीड चौरस मीटरच्या बॉनेटवरून दोन मायक्रॉन लेप काढला, तर निघालेले द्रव्य तीन घन सेंटिमीटर, म्हणजे चहाच्या अर्ध्या चमच्याहून थोडेसे अधिक भरते. ते क्षुल्लक वाटते. पण ते पुन्हा मिळत नाही. क्लिअर कोटमध्ये जंबुपार किरण शोषणारी द्रव्ये मिसळलेली असतात. लेप फार पातळ झाला, तर ऊन खालच्या रंगापर्यंत पोहोचू लागते आणि काही वर्षांत लेपाचे पापुद्रे सुटतात. म्हणून मोटारीच्या सबंध आयुष्यात आठ-दहा मायक्रॉनपेक्षा अधिक काढू नये, असा जाणत्या कारागिरांचा संकेत आहे. एका कसून केलेल्या घासणीत त्यांपैकी दोन-तीन मायक्रॉन सहज खर्ची पडतात. दर दिवाळीला हौसेने रबिंग करून घेणाऱ्या मालकाची पुंजी चार-पाच वर्षांत संपते. जाडी मोजण्याचे चुंबकीय उपकरण मिळते. परंतु ते पत्र्यावरील सर्व थरांची मिळून जाडी दाखवते, एकट्या क्लिअर कोटची नव्हे. दरवाज्यांच्या कडा व बॉनेटवरील उठाव ह्यांवर लेप मुळातच पातळ बसतो. तेथे चिकटपट्टी लावूनच काम करतात.

ओरखड्यावरून नख आडवे फिरवावे. नख अडकले, तर तो तळापर्यंत घासण्याच्या नादी लागू नये. घासून त्याच्या धारदार कडा बोथट केल्या, तरी तो पुष्कळसा झाकला जातो. रंगीत थर कापून आत अस्तर किंवा पत्रा दिसत असेल, तर मात्र कुंचल्याने रंगाचा ठिपका द्यावा लागतो.

काही पॉलिशांत तेले व मेण असतात. ती चर तात्पुरते भरून टाकतात आणि गाडी नव्यासारखी दिसते. दोन-चार धुण्यांनंतर जाळे पूर्ववत होते. पैसे देण्यापूर्वी घासलेला भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल व पाणी ह्यांच्या मिश्रणाने पुसून दिव्याखाली पाहिला, की खरे-खोटे कळते.

हे जाळे मुळात येते कोठून? रस्त्यावरील धुळीत क्वार्ट्‌झचे कण असतात आणि ते क्लिअर कोटहून कितीतरी कठीण असतात. सकाळी कोरड्या फडक्याने गाडी झटकून पुसण्याची रीत आपल्या शहरांत घरोघर आहे; त्या वेळी फडके ह्या कणांना लेपावर दाबून फरफटत नेते. आधी भरपूर पाणी ओतून धूळ सुटी करावी, मग साबणाचे पाणी घेऊन मऊ कापड वरून खाली फिरवावे आणि ते कापड दुसऱ्या बादलीत वरचेवर खंगाळावे. त्या दुसऱ्या बादलीच्या तळाशी बसलेली वाळू बोटांत चोळून पाहिली, तर ती काचेच्या चुऱ्यासारखी खरखरते.