इटालियन शिकायची तर पहिल्या दिवसापासून बोलायची

बारावीचा निकाल लागला की वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगावच्या घरांतून एक प्रश्न हमखास येतो: परदेशी भाषा शिकून पुढे काय? फ्रेंच, जर्मनचं नाव निदान कानावरून गेलेलं असतं. मुलीनं ‘मला इटालियन शिकायची आहे’ म्हटलं की आईवडील गोंधळतात. त्यांची काळजी रास्त आहे, कारण पैसा आणि मुलीची उमेदीची वर्षं, दोन्ही त्यात जाणार असतात. म्हणून या प्रश्नाचं उत्तर मोघम असून चालणार नाही.

इटालियन जरूर शिकावी, पण मुख्य शिक्षणाच्या जोडीला. आणि वर्ग निवडताना पुस्तक कोणतं, हे विचारण्याआधी तिथे विद्यार्थी किती बोलतात ते पाहावं.

वर्ध्याची पुण्याई

आपला जिल्हा भाषेच्या बाबतीत मागासलेला आहे, हा समज आधी काढून टाका. राष्ट्रभाषा प्रचार समिती 1936 साली वर्ध्यात स्थापन झाली आणि तिच्या परीक्षांच्या आधारे देशभरातल्या बिगरहिंदी माणसांनी हिंदी आत्मसात केली. ऑक्टोबर 1937 मध्ये इथे भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीम पुढे आली. काम करता करता शिकायचं, हे तिचं सूत्र. इटलीशीही वर्ध्याचा धागा जुना आहे. लांत्सा देल वास्तो हा इटलीत जन्मलेला, पिसा इथे तत्त्वज्ञान शिकलेला तरुण 1937 सालीच गांधीजींकडे वर्ध्याला आला. गांधीजींनी त्याचं नाव शांतिदास ठेवलं.

आज महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात परदेशी विद्यार्थी हिंदी शिकायला येतात आणि आपल्या मुलांसाठी स्पॅनिश, फ्रेंच, चिनी, जपानी यांसारख्या भाषांचे अभ्यासक्रम असतात. कोणत्या वर्षी कोणता अभ्यासक्रम सुरू आहे, ते त्या वर्षीच्या माहितीपत्रकात पाहून घ्या. इटालियन शिकू पाहणाऱ्यानं स्पॅनिश किंवा फ्रेंचकडे जरूर लक्ष द्यावं. या तिन्ही भाषा लॅटिनमधून आलेल्या आहेत. एकीचा पाया पक्का असला की दुसरी बरीच लवकर येते.

सिनेमाचा तास कसा असावा

विद्यार्थ्यांना बोलतं करायला सिनेमाचा चांगला उपयोग होतो, पण सिनेमा दाखवणं म्हणजे दोन तास दिवे घालवून बसणं नव्हे. एका तासिकेला तीन-चार मिनिटांचा प्रसंग पुरतो.

व्हित्तोरिओ दे सिका यांचा ‘बायसिकल थीव्ज’ (1948) घ्या. 1952 साली मुंबईत भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव झाला, तेव्हा तो आपल्याकडे पाहिला गेला. बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’मागे त्याची प्रेरणा होती. त्यात एक प्रसंग आहे. नोकरी टिकवणारी सायकल चोरीला गेलेला बाप, आंतोनिओ, आपल्या लहानग्या ब्रुनोला घेऊन खाणावळीत बसतो. शेजारच्या टेबलावर श्रीमंत घरचा मुलगा काटा-चमच्यानं सफाईनं जेवतोय, ब्रुनो त्याच्याकडे पाहत खातोय. मग बाप सायकल हाती असती तर महिन्याला किती मिळाले असते, त्याचा हिशोब मुलाला करायला लावतो.

चांगला शिक्षक हा प्रसंग आधी आवाज बंद करून दाखवेल. दिसतंय ते इटालियनमध्ये सांगा: तावोलो म्हणजे टेबल, पियात्तो म्हणजे ताटली, फोर्केत्ता म्हणजे काटा. दुसऱ्यांदा आवाज लावून, पण अक्षरं न दाखवता: ऐकू आलेले आकडे लिहून काढा. तिसऱ्यांदा खाली इटालियन अक्षरं, म्हणजे कानाला निसटलेलं डोळ्यांना सापडतं. इंग्रजी अक्षरं लावायचीच तर शेवटी, नाहीतर मुलं इंग्रजी वाचत बसतात आणि इटालियन कानावरून वाहून जाते. मग खरा अभ्यास सुरू होतो: दोघादोघांनी समोरासमोर बसायचं, एकानं बाप आणि एकानं मुलगा व्हायचं, आणि आपल्या घरच्या किराणा, वीजबिल, एस.टी.च्या पासचा हिशोब इटालियनमध्ये मांडायचा. चुका होतील. शिक्षकानं मध्ये न तोडता त्या टिपून ठेवाव्यात आणि शेवटी फळ्यावर घ्याव्यात.

एक सावधगिरी मात्र हवी. या सिनेमात रोमची बोली आहे, रोबेर्तो बेनिन्यी यांच्या ‘ला वीता ए बेल्ला’मध्ये (1997) तोस्कानाचा हेल आहे. वऱ्हाडी ऐकून कोणी पुस्तकी मराठीचा पेपर लिहायला बसला तर अडखळेल, तसंच इथे होतं. म्हणून सिनेमाच्या जोडीला प्रमाण भाषेचं पाठ्यपुस्तक आणि व्याकरण लागतंच.

मराठी मुलांच्या जमेच्या बाजू

इटालियनमधले त आणि द आपल्यासारखेच दंत्य आहेत. जोडाक्षर आणि साधं अक्षर यांतला फरक आपल्या कानाला जन्मापासून कळतो, म्हणून ‘नोन्नो’ (आजोबा) आणि ‘नोनो’ (नववा) यांत मराठी मुलं सहसा गोंधळत नाहीत. आपण नुसतं ‘जातोस’ म्हटलं तरी ‘तू’ हे क्रियापदावरून कळतं. इटालियनमध्येही ‘वादो’ म्हटलं की ‘मी’ वेगळं सांगावं लागत नाही. लिंगं तिथे दोनच आहेत, आपण तीन सांभाळतो. म्हणून, मुलाला इंग्रजी कमी येत असेल तर त्यानं परदेशी भाषेला घाबरावं, हा विचार सोडून द्या.

संधी नेमक्या कुठे

भाषा पोट भरते ती दुसऱ्या कौशल्याच्या सोबतीनं. बारामतीला पियाज्जिओचा वाहनांचा आणि फेरेरोचा चॉकलेट-मिठाईचा, असे इटालियन कंपन्यांचे कारखाने आहेत. साव्हिओ आणि मार्झोली या सूतगिरण्यांची यंत्रं बनवणाऱ्या इटालियन कंपन्या. हिंगणघाटसारख्या कापसाच्या पेठेतल्या वस्त्रतंत्राच्या विद्यार्थ्यानं ही नावं लक्षात ठेवावीत. अभियंता, खरेदी-विक्री किंवा निर्यात सांभाळणारा माणूस इटालियन बोलू लागला की त्याचं वजन वाढतं.

दुसरं क्षेत्र पर्यटन आणि कला. अजिंठ्याच्या चित्रांच्या जतनासाठी निजाम सरकारनं 1920 च्या सुमारास लोरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना बोलावलं होतं. कलाजतनाच्या शिक्षणात इटलीचं नाव आजही मोठं आहे. तिसरं क्षेत्र दुभाषा आणि अनुवादकाचं. इटालियन शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी 1939 मध्ये मद्रासला आल्या तेव्हा त्या इटालियनमध्ये बोलत आणि त्यांचा मुलगा मारिओ ते इंग्रजीत सांगे. आपल्या शिक्षकांपर्यंत त्यांची बालशिक्षणाची पद्धत पोचली ती अशा दुभाषामुळे. मात्र निव्वळ अनुवादावर घर चालवायचं तर फार वरची पातळी लागते, हे आधीच समजून घ्या.

चौथी वाट उच्च शिक्षणाची. इटलीतल्या सरकारी विद्यापीठांत इंग्रजी माध्यमाचे अनेक पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत. तिथली फी बहुधा कुटुंबाच्या उत्पन्नानुसार ठरते आणि प्रांतिक शिष्यवृत्त्याही असतात, म्हणून उत्पन्नाची कागदपत्रं वेळेत तयार ठेवावीत. विद्यार्थ्याला आठवड्याला 20 तासांपर्यंत काम करता येतं. असं काम मिळवताना आणि रोजचं जगणं निभावताना इटालियनच उपयोगी पडते. नोव्हेंबर 2023 मध्ये भारत आणि इटली यांच्यात स्थलांतर आणि रोजगाराविषयी करारही झाला आहे.

पातळी, वेळ, प्रमाणपत्र

भाषेच्या युरोपीय चौकटीत ए1 ते सी2 अशा सहा पातळ्या आहेत. बी1 ला रोजचे व्यवहार जमतात. इटालियन माध्यमात शिकायला बहुतेक ठिकाणी बी2 लागते. सिएना आणि पेरुजा इथल्या परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या विद्यापीठांच्या अनुक्रमे चिल्स आणि चेली आणि दान्ते अलिगिएरी संस्थेची प्लिदा या परीक्षांना मान्यता आहे. अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या अंदाजानुसार इंग्रजी भाषकाला इटालियनमध्ये कामापुरती पकड यायला पूर्णवेळ शिकून 24 ते 30 आठवडे लागतात. कॉलेज सांभाळून शिकणाऱ्यानं दोन-तीन वर्षांची तयारी ठेवावी. ‘तीन महिन्यांत फाडफाड’ अशा जाहिरातीपासून लांब राहा. पूर्ण पदवीच करायची असेल तर दिल्ली विद्यापीठात इटालियनची ऑनर्स पदवी आहे.

पालकांनी वर्गात जाऊन काय पाहावं

फी भरण्याआधी एक तास मागच्या बाकावर बसू द्या, अशी विनंती करा. शिक्षकच तासभर बोलत असेल तर तो वर्ग तुमच्या मुलासाठी नाही. वर्गात पंधरा-वीसपेक्षा जास्त मुलं असतील तर प्रत्येकाला बोलायची पाळी कशी येते, ते विचारा. शिक्षकानं स्वतः कोणती पातळी पार केली आहे, तेही विचारा. चांगल्या शिक्षकाला त्याचा राग येत नाही. ऑनलाइन वर्ग असेल तर कॅमेरा सुरू ठेवून जोडीनं संवाद होतो का, ते पाहा.

आणि घरी एवढं करा: रोज रात्री जेवताना मुलीला त्या दिवशी शिकलेलं दोन मिनिटं इटालियनमध्ये बोलायला सांगा. तुम्हाला अर्थ कळला नाही तरी ती अडखळते आहे की सलग बोलते आहे, हे नक्की कळेल. सहा महिन्यांनी तिचं बोलणं लांबलं असेल तर पुढच्या पातळीची फी निश्चिंतपणे भरा. लांबलं नसेल तर मुलीला दोष न देता वर्ग बदला.