धावपट्टीवरचा अपघात आणि शुगरची गोळी

वाचकहो, आरोग्याच्या सदरात विमान अपघाताचे काय काम, असे आपणांस वाटेल. परंतु या अपघाताचा एक धागा थेट आपल्या घरातल्या औषधाच्या डब्यापर्यंत येतो, म्हणून तो सांगतो.

७ ऑगस्ट २०२० ची संध्याकाळ. कोरोनाचे दिवस. दुबईहून १९० जणांना घेऊन आलेले एअर इंडिया एक्सप्रेसचे बोइंग विमान केरळात कोळिकोडला उतरत होते. बाहेर जोराचा पाऊस. टेकडीचा माथा सपाट करून बांधलेली धावपट्टी आणि तिच्या टोकापलीकडे खोल उतार. कॅप्टनच्या काचेवरचा वायपर नीट चालेना, म्हणून पहिला प्रयत्न सोडावा लागला. दुसऱ्या खेपेस वारा पाठीमागून होता. निम्मी धावपट्टी मागे पडल्यावर विमान टेकले, ओल्या जमिनीवर थांबू शकले नाही आणि खाली कोसळून त्याचे तुकडे झाले. २१ जण दगावले. दोन्ही वैमानिकही त्यांत होते.

कॅप्टन दीपक साठे हवाई दलातून विंग कमांडर म्हणून निवृत्त झालेले, अत्यंत अनुभवी वैमानिक होते. मग असे का घडले? २०२१ साली चौकशी अहवाल आला. उतरण्याचे नियम पाळले गेले नाहीत, सहवैमानिकाने 'पुन्हा वर घ्या' असे सांगूनही विमान उतरवले गेले आणि सहवैमानिकानेही ताबा आपल्याकडे घेतला नाही, हे मुख्य कारण ठरले. इतर कारणांत एक आपल्या कामाचे आहे. कॅप्टन मधुमेहाची अनेक औषधे डॉक्टरांनी लिहून न देता घेत होते. त्यामुळे रक्तातील साखर थोडी कमी होऊन निर्णयशक्तीवर बहुधा परिणाम झाला असावा, असे अहवाल म्हणतो. हा शब्द 'बहुधा' असाच आहे. गेलेल्या माणसाला दोष देण्यासाठी नव्हे, तर आपण सावध व्हावे म्हणून मी हे लिहीत आहे.

मेंदूचे मुख्य इंधन साखर. तिचा साठा मेंदूजवळ जवळजवळ नसतो, रक्तातून येईल तेवढ्यावरच त्याचे काम चालते. रक्तातील साखर ७० च्या खाली गेली की घाम, थरथर, धडधड, कडकडून भूक ही लक्षणे दिसतात. आणखी उतरली की चिडचिड, गोंधळ, शेवटी बेशुद्धी. परंतु मधुमेह जुना असेल तर पहिली लक्षणे जाणवेनाशी होतात. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही धडधड झाकली जाते. अशा वेळी माणूस बोलतो, चालतो, गाडीही चालवतो, फक्त निर्णय चुकतात. आणि आपले चुकते आहे हे ज्या बुद्धीने कळायचे, तीच बुद्धी मंद झालेली असते. खरा धोका इथे आहे.

आमच्या भिवंडीत हे नित्य पाहतो. गोदामाचा माल वाहणारा एक टेम्पोचालक गेल्या वर्षी माझ्याकडे आला. माझी गोळी तो घेतच होता. 'मेव्हण्याला गुण आला' म्हणून त्याचीही गोळी सुरू केली होती. त्या दिवशी माल उतरवण्याच्या घाईत जेवण राहिले. नाशिक हायवेवर गाडी वेडीवाकडी जाऊ लागली. शेजारी बसलेला हमाल म्हणाला, "उस्ताद, गाडी बाजूला घ्या." हा त्याच्यावरच ओरडला. सुदैवाने हमाल हटला नाही. गाडी थांबवून त्याने चहात भरपूर साखर घालून पाजली, म्हणून दोघे घरी पोहोचले.

सगळ्या गोळ्या सारख्या नसतात. मेटफॉर्मिन एकटे घेतल्यास साखर सहसा फार खाली जात नाही. परंतु ग्लिमेपिराईड, ग्लिबेनक्लामाईड या जातीच्या गोळ्या आणि इन्सुलिन यांनी ती जाऊ शकते, विशेषतः जेवण चुकले, कष्ट जास्त झाले किंवा दारू घेतली तर. चतुर्थी असो वा रोजा, उपवासाआधी डॉक्टरांना विचारून गोळीची वेळ व मात्रा ठरवून घ्यावी.

म्हणून एवढे पाळा. नातेवाइकाची किंवा दुकानदाराने सुचवलेली गोळी घेऊ नका. पुड्या, काढे काहीही चालू असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका. नोकरी जाईल या भीतीने मधुमेह लपवणारे पुष्कळ भेटतात. लपवलेला मधुमेह हाच नोकरीला आणि जिवाला जास्त धोका. गाडी किंवा यंत्रमाग चालवणाऱ्यांनी खिशात साखर वा ग्लुकोजची पुडी ठेवावी. शंका येताच काम थांबवून तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी, पंधरा मिनिटांनी साखर तपासावी. कमीच असेल तर पुन्हा साखर घ्यावी, नंतर जेवावे. साखर वर आली तरी मेंदू सावरायला वेळ लागतो, म्हणून पुढची पाऊण तास गाडी हातात घेऊ नये. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवून थेट रुग्णालयात न्या. गोळीमुळे उतरलेली साखर काही तासांनी पुन्हा उतरू शकते.

आणि शेवटचे, घरच्यांसाठी. आपला माणूस अवेळी घामाघूम झाला, विनाकारण खेकसू लागला, तर 'स्वभावच तसा' म्हणून गप्प बसू नका. साखर तपासा. आणि मधुमेही वाचकहो, शेजारचा माणूस "थांबा" म्हणाला तर आधी थांबा, वाद मागाहून घाला.