उसाच्या सरीत घरची डाळ



लागणीच्या नोंदी घेत वस्त्यांवर फिरताना एक गोष्ट मनाला खटकते. दारासमोर दीड-दोन एकर ऊस डोलतो आहे, पण घरात डाळ आणि भाजी मात्र दुकानातून पावशेर-अर्धा किलो येते, तीही उधारीवर. उसाचे बिल येते तेव्हा ते सोसायटी, खतवाला आणि दुकानदार यांच्यातच वाटले जाते. डाळ महागली की आमटी पातळ होते, आणि ती पातळ आमटी शेवटी घरातल्या बायकांच्या आणि पोरांच्या वाट्याला येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. रेशनवर गहू-तांदूळ मिळतो, त्याने पोट भरते. पण अंगात ताकद यायला भाकरीबरोबर डाळ लागतेच.

आता हिशेब बघा. घरात पाच माणसे, माणशी रोज 60 ग्रॅम डाळ धरली तर दिवसाला 300 ग्रॅम, म्हणजे वर्षाला सुमारे 110 किलो. एवढी डाळ विकत घ्यायची तर किती पैसे लागतात, हे घरच्या बाईला विचारा. हीच डाळ आपल्या उसाच्या मोकळ्या सरीत पिकू शकते. लागणीनंतर पहिले साडेतीन-चार महिने ऊस लहान असतो. मधली जागा आपण तणाला देतो आणि वर खुरपणीचे पैसेही देतो. ती जागा आंतरपिकाला द्यावी.

पूर्वहंगामी लागणीत हरभरा सर्वात सोयीचा. पद्धत अशी :

1) लागण 15 ऑक्टोबर ते 15 नोव्हेंबरच्या आत करावी. सरी साडेचार-पाच फुटांची ठेवावी. लागण झाली की लगेच वरंब्याच्या बगलेला 10 सें.मी. अंतरावर हरभरा टोकावा. अर्ध्या एकराला पाच-सहा किलो बी पुरते. विजय, दिग्विजय हे वाण चांगले.

2) दर किलो बियाण्याला 5 ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळावे. मग 10 किलोस 250 ग्रॅम या प्रमाणात रायझोबियम लावून बी सावलीत सुकवावे. मर कमी होते आणि मुळांवर गाठी चांगल्या धरतात.

3) पाणी हलके द्यावे. सरी तुंबवली की हरभरा उभळतो. चिबड रानात हे पीक घेऊच नये.

4) उसासाठी आपण वापरतो ती अ‍ॅट्राझीन, टू-फोर-डी ही तणनाशके हरभऱ्याला चालत नाहीत. आंतरपीक असेल तिथे खुरपणीच करावी. शेजाऱ्याच्या फवारणीवरही लक्ष ठेवावे.

5) उसाचे खत कमी करू नये. हरभरा साधारण 105 ते 110 दिवसांत निघतो. तो काढूनच उसाची मोठी बांधणी करावी. भुसकट सरीतच गाडावे.

निगा चांगली ठेवली तर अर्ध्या एकरात दीड ते दोन क्विंटल हरभरा निघतो. त्याची डाळ शंभर किलोच्या पुढे जाते. म्हणजे वर्षाची बेगमी झाली. रोज हरभऱ्याचीच डाळ कोण खाणार, असे म्हणाल. बरोबर आहे. थोडा हरभरा देऊन तूर घ्यावी, थोड्याचे बेसन करावे, थोडा मोड आणून उसळीला ठेवावा.

आडसाली लागणीत भुईमूग किंवा 65-70 दिवसांत येणारा मूग घ्यावा. सुरू लागणीत मेथी, कोथिंबीर घ्यावी. महिना-सव्वा महिन्यात भाजी घरात येते. खोडव्यात पाचट ठेवत असाल तर बांधावर शेवग्याची दोन झाडे लावावीत. शेंगा विकाव्यात, पण पाला घरी खावा. डाळ-पालेभाजीवर लिंबू पिळावे, त्याने अन्नातले लोह अंगी लागते. जेवणावर लगेच चहा मात्र टाळावा.

आमचा अनुभव असा, की हरभरा खळ्यावर आला की व्यापाऱ्याची गाडी बांधावर उभी असते, आणि चार पैसे दिसले की सगळा माल जातो. मग पुढे आपणच दुप्पट भावाने डाळ आणतो. म्हणून आधी घरची कोठी भरावी. दाणा दाताखाली कडकन फुटेल इतका वाळवावा, मग डब्यात भरावा. उरेल तो बाजारात न्यावा.

आणखी एक विनंती. तोडणीला येणारी टोळी पहाटे भाकरी-चटणी बांधून फडात उतरते. त्यांची लहान पोरे आपल्याच बांधावर खेळत असतात. सरीतली मेथीची जुडी, ओंजळभर हरभरा त्यांच्या चुलीपर्यंत गेला, तर आपले काही उणे होत नाही.

यंदा लागणीची नोंद द्याल तेव्हा आंतरपिकाचीही नोंद गट ऑफिसात द्यावी. लागणीच्या वेळी आम्ही रानात येऊन टोकण दाखवू. निदान अर्ध्या एकरावर तरी करून बघा.

— ऊस विकास अधिकारी