दमट हवेतील कोठीची खोली

प्रश्न: रत्नागिरीजवळ बांधल्या जाणाऱ्या घरात स्वयंपाकघराला लागून धान्यसाठ्याची छोटी खोली ठेवायची आहे. पावसाळ्याचा विचार करता तिची रचना कशी असावी?

उत्तर: कोकणातील कोठीच्या खोलीचा खरा शत्रू ओलावा असल्याने जागेची निवड फळ्यांच्या मांडणीपेक्षा महत्त्वाची ठरते. नैर्ऋत्येकडून येणारा पाऊस झेलणारी बाहेरची भिंत किंवा न्हाणीघराची भिंत या खोलीला लागून नसावी, कारण भिंतीत मुरलेले पाणी आतील हवा सतत दमट ठेवते. धान्य या दमट हवेतील बाष्प शोषते आणि त्यातील ओलावा १४ टक्क्यांच्या आसपास पोहोचला की बुरशीला, तर त्याआधीच सोंड्यांना, म्हणजे दाणा पोखरून आत अंडी घालणाऱ्या किड्यांना, वाढीस अनुकूल स्थिती मिळते. त्यामुळे कोरड्या दिवसांत हवा खेळती राहावी म्हणून खिडकी हवीच, परंतु पावसाळ्यात ती घट्ट बंद करता यावी. धान्याचे अंतिम रक्षण खोली नव्हे, तर हवाबंद डबा करतो, आणि त्यात भरण्यापूर्वी धान्य मे महिन्याच्या उन्हात कडक वाळवलेले असणे अत्यावश्यक आहे.

फळ्यांसाठी वाळवी न लागणारा कडाप्पा उत्तम. त्यांची खोली ३० सेंटिमीटरपेक्षा अधिक नसावी, अन्यथा मागचे डबे विस्मरणात जातात. सर्वांत खालची फळी जमिनीपासून निदान १५ सेंटिमीटर वर असावी. कांदे मात्र डब्यात कोंडू नयेत. त्यांना खेळती हवा लागते, म्हणून ते खोलीबाहेर टांगलेल्या जाळीत ठेवावेत.