दोस्ताच्या गावी जाताना

पुण्यात होस्टेलवर माझ्या खोलीत राहणारा सरदार बटाल्याजवळच्या एका खेड्यातला. शिक्षण संपलं, तो घरच्या शेतीत गेला, मी नोकरीला लागलो. जाणं-येणं मात्र अजून चालू आहे. गुरदासपूर जिल्ह्याचा हा पट्टा आपल्याकडच्या सहलींच्या यादीत नसतो. लोक अमृतसरला सुवर्णमंदिर बघतात, सीमेवर टाळ्या वाजवतात आणि परत फिरतात. त्यापुढे जायला ओळख लागते, आणि ओळख टिकवायची तर थोडी रीतभात अंगी असावी लागते. मला जमली तेवढी ही.

1. कॅलेंडर नको, पीक बघून जा

बैसाखीला पंजाब बघायची हौस सगळ्यांनाच असते. पण एप्रिलच्या मध्यात गावात भांगड्याला कुणाला वेळ नसतो. गहू काढणीला आलेला, कंबाइनवाल्याचा नंबर लागत नाही, मंडीत ट्रॉल्यांची रांग, वर ढग आला की सगळ्यांचे चेहरे उतरलेले. जूनमध्ये भातलावणी. डिसेंबर-जानेवारीत मक्याची रोटी, साग आणि गुऱ्हाळातला गरम गूळ मिळतो खरा, पण धुक्यामुळे गाडी कधी पोचेल ते रेल्वेलाही सांगता येत नाही. माझ्या मते फेब्रुवारीचा शेवट उत्तम. गहू गुडघ्याच्या वर, सरसों पिवळीधमक, हातात काम कमी, आणि दुपारभर गच्चीवर ऊन खात गप्पा मारायला माणसं मोकळी.

2. नामदेव आणि नांदेड ही आपली ओळख

'महाराष्ट्रातून आलो' म्हटलं की मुंबईच्या आधी नांदेडचं नाव निघतं. 1708 मध्ये गुरू गोविंदसिंग तिथे ज्योतीजोत समावले, म्हणजे त्यांनी देह ठेवला; त्यामुळे प्रत्येक गावात कुणी ना कुणी सचखंड एक्स्प्रेसने तिथल्या हजूर साहिबला जाऊन आलेलं असतं. दुसरी ओळख घुमानची. याच जिल्ह्यातलं हे गाव. नामदेवांनी आयुष्याची अखेरची वर्षं इथे काढली, अशी तिथली श्रद्धा. गुरू ग्रंथ साहिबात त्यांची 61 पदं आहेत आणि पहाटे गुरुद्वाऱ्यात ती कानावर पडू शकतात. 2015 साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरलं, तेव्हा आसपासच्या गावांनी मराठी माणसांना घरात उतरवून घेतलं होतं. त्या गावांत अजून कुणी 'तुमचे' नामदेव म्हणत नाही, 'आपले बाबा नामदेवजी' म्हणतात. आपणही तसंच म्हणावं.

3. बाजेवर उशाकडे बसा

अंगणात बाज टाकली की पाहुण्याची जागा उशाकडे. पायथ्याकडे, जिथे ताणायची दोरी असते, तिथे आपण संकोचाने टेकलो की घरातलं कुणीतरी दंडाला धरून उठवतं. पण घरातलं वडीलधारं माणूस आलं की आपण सरकून उशाची बाजू त्यांना द्यायची. एवढं केलंत की निम्मी परीक्षा पास. लस्सीचा पेला आपल्या तांब्याएवढा असतो. 'नको' म्हणू नये, 'अर्धा' म्हणावं. तरी पूर्णच येतो. भेट म्हणून महागडं काही नेऊ नका. मी सोलापुरी शेंगाचटणी नेतो. मक्याच्या रोटीवर पांढऱ्या लोण्यासोबत तिची जी मजा आहे ती खुद्द सोलापुरातही कुणाला सुचली नसेल.

4. जुनं कुठे टिकलंय ते नीट बघा

गावात जुने वाडे शोधायला जाल तर निराश व्हाल. चपट्या, लहान नानकशाही विटांच्या भिंती पाडून तिथे मार्बलच्या कोठ्या उभ्या राहिल्या आहेत. पण बटाल्यात कंध साहिब गुरुद्वाऱ्यात मातीच्या भिंतीचा एक तुकडा काचेआड जपलाय. नानकदेवांच्या लग्नाची वरात इथे आली, तेव्हा एका म्हातारीने त्यांना सांगितलं, बाळ, इथे बसू नकोस, भिंत पडायला आलीय. ते म्हणाले, ही युगानुयुगं पडणार नाही. अशी कथा. दर वर्षी भादोंत, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास, त्या लग्नाचा उत्सव होतो आणि शहरात पाय ठेवायला जागा नसते.

तिथून तासाभराच्या आत कलानौर. 14 फेब्रुवारी 1556 रोजी तेरा वर्षांच्या अकबराला इथेच गादीवर बसवलं. तो विटांचा चौथरा शेतांच्या मधोमध आहे. आम्ही गेलो तेव्हा तिथे आम्ही दोघं आणि चरायला आलेल्या दोन म्हशी. दगडाविटांत काय बांधलं यापेक्षा दर वर्षी तिथे कोण येतं, यावर वारसा टिकतो, हे मला या एका दिवसात कळलं.

5. शेतात पाण्याचा माग काढा

दोस्ताच्या शेताच्या कोपऱ्यात बुजत आलेली एक विहीर आहे. तिच्यावर आजोबांचा रहाट चालायचा. चार पावलांवर माणूस उभा मावेल असा विटांनी बांधलेला चौकोनी खड्डा. पाणी खाली गेलं तसा वडिलांनी पंप त्यात उतरवला होता. त्याच्या पलीकडे छोट्या खोलीत आता सबमर्सिबलचा स्टार्टर. गव्हाच्या जोडीला भात आला, शेतीला वीज फुकट झाली आणि पाणी उतरतच गेलं. शेवटी 2009 च्या कायद्याने ठरलेल्या तारखेआधी भात लावायला बंदी घातली. पंजाबच्या शेतीचा सगळा इतिहास त्या वीस पावलांत वाचता येतो, आणि सोबत शेताचा मालक असेल तर अर्थासकट.

जाताना एक गणित पाठ करून जा. तिथला किल्ला म्हणजे एकर, त्याचे आठ कनाल. म्हणजे एक कनाल आपले पाच गुंठे. 'आमच्या वाटणीत चुलत्याला चार कनाल जास्त गेले' असं म्हणून बघा. सत्थेत, म्हणजे पारावर, बसलेले म्हातारे लगेच जवळ सरकतात. वाटणीचं दुःख सगळीकडे सारखंच.

6. 'गाव कुठलं?' हे दोनदा विचारा

पहिल्यांदा राहतं गाव सांगतात. दुसऱ्यांदा विचारलं की चक नंबर, म्हणजे कालव्यावरच्या वसाहतीतल्या गावाचा नंबर, निघतो. दोस्ताचे वडील, दारजी, जन्मले लायलपूरकडच्या चकात. 1890 च्या दशकात चिनाबच्या कालव्यावर नव्या वसाहती झाल्या, तेव्हा इकडचे कितीतरी शेतकरी तिकडे जमीन कसायला गेले. 1947 मध्ये सगळं सोडून परत आले. रॅडक्लिफचा निवाडा 17 ऑगस्टला जाहीर होईपर्यंत गुरदासपूर नक्की कुठल्या देशात, हेच लोकांना ठाऊक नव्हतं. शकरगढ तहसील पलीकडे गेली, बटाला अलीकडे राहिलं.

आजचं घर ज्या जागेवर आहे ती जागा एका मुसलमान कुटुंबाची होती, हे मला दोस्ताच्या आईने, बीजींनी, साग निवडता निवडता सांगितलं. तिथल्या जुन्या वाड्याचं पितळी फुलांचं दार बीजींनी मोडीत दिलं नाही. ते आता गोठ्याला आहे, आणि दर दिवाळीला बीजी त्याला तेल लावायच्या.

1980 नंतरच्या दहशतीच्या दहा-बारा वर्षांबद्दल मात्र आपण होऊन विचारू नये. अंधार पडला की दारं बंद व्हायची, एवढं सगळेच सांगतात. पुढचं सांगायचं असेल तर तेच सांगतात, तेही रात्री शेताला पाणी देताना. दोस्त जे बोलला ते माझ्याकडेच राहील.

7. लग्न चुकलं तरी चालेल, भोग चुकवू नका

बीजी गेल्याचं गावाला पहाटे गुरुद्वाऱ्याच्या भोंग्यावरून कळलं आणि मला फोनवरून. गेलेल्या माणसासाठी लावलेला पाठ संपतो, त्याला भोग पडला म्हणतात, मग अरदास, म्हणजे प्रार्थना, होते; त्या दिवशी मी तिथे होतो. नातू कॅनडात, त्याने सगळं मोबाइलवर बघितलं. गल्लीतल्या कितीतरी कोठ्यांना कुलूप, पण त्या दिवशी लंगरला माणूस मावत नव्हता. कुणी माझी ओळख विचारली की दोस्त 'हा माझा मित्र' न म्हणता 'बीजींचा मुलगा, महाराष्ट्रातून आलाय' म्हणत होता. तिथे दोस्ती घराशी जुळते, आणि घर तुमची हजेरी लक्षात ठेवतं. आता तो शेतावर नसला तरी मी खुशाल जाऊन राहतो. दोस्ताची बायको, भाबीजी, चुलीपुढून उठतही नाहीत, फक्त एक रोटी जास्त लाटतात.

8. त्यांना इकडे बोलवा

ही बाजू आपल्याकडून हमखास राहते. हजूर साहिबला निघालेल्या मंडळींना आधीच फोन करून पुढच्या मुक्कामाचं ठरवून टाका. हिंगोली जिल्ह्यातलं नर्सी नामदेव नांदेडपासून जवळ. नामदेवांचं जन्मगाव म्हणून त्यांनाही ते बघायचं असतंच. तिथून पंढरपूरला न्या, महाद्वारातली नामदेव पायरी दाखवा. दोस्त आणि भाबीजी आले तेव्हा पायरीपाशी पायातलं काढून, डोकं झाकून उभे राहिले आणि वारकऱ्यांच्या आधी त्यांनीच 'धन्य बाबा नामदेव' म्हटलं. मग घरी आणा, चार दिवस ठेवून घ्या. चटणी बेताने वाढा, आणि चहात दूध नेहमीच्या दुप्पट घाला.